निवडणुकीला उभे राहून मिळते काय?

निवडणूक आली की लोकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : अमक्याने खर्च किती केला? किती मोटारी धावल्या, किती पत्रके वाटली गेली, किती पंगती उठल्या, याचा हिशेब दुकानात, बैठकेत आणि लग्नाच्या मांडवातसुद्धा मांडला जातो. उमेदवार म्हणजे स्वतःचा खिसा रिकामा करणारा माणूस, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ‘बिचारा कर्जबाजारी झाला’ असेही आपण हळहळून म्हणतो.

दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही : उभे राहिल्यामुळे त्याला मिळाले किती? जिंकल्यावर काय मिळते ते सर्वांना ठाऊक असते. पण कित्येकदा निकाल लागण्यापूर्वीच, आणि कधी कधी हरल्यावरही, उमेदवाराच्या किंवा त्याच्या जवळच्यांच्या पदरात काही पडलेले असते. आज आम्ही या दुसऱ्या प्रश्नाचा माग काढणार आहोत. त्यासाठी वाचकांना प्रथम कतारला न्यावे लागेल. जिथे निवडणुका जवळजवळ होतच नाहीत अशा देशात हा शोध का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच.

एकदाच झालेली निवडणूक

कतार हा इराणच्या आखातात शिरलेला वाळवंटी द्वीपकल्प. आकाराने आपल्या मॉरिशसच्या सुमारे साडेपाच पट. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. पण त्यांतले नागरिक जेमतेम दहा टक्क्यांच्या घरात. बाकी सगळे पोटासाठी आलेले परदेशी, आणि त्यांत भारतीयांची संख्या सर्वांत मोठी. राजधानी दोहा. राज्य अल थानी घराण्याचे. सध्याचे अमीर शेख तमीम बिन हमद अल थानी.

या देशात शूरा परिषद नावाची सल्लागार सभा १९७२ पासून आहे. तिचे सभासद अमीरच नेमीत असत. २००३ च्या सार्वमताने मंजूर झालेल्या राज्यघटनेत ४५ पैकी ३० सभासद लोकांनी निवडावेत असे ठरले. पण ती निवडणूक वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली. अखेर २ ऑक्टोबर २०२१ रोजी मतदान झाले. राजकीय पक्ष नव्हते. प्रत्येक जण स्वतःच्या नावावर उभा. सुमारे साडेत्रेसष्ट टक्के मतदान झाले. स्त्रियाही उभ्या होत्या, पण तीसही जागांवर पुरुषच निवडून आले. कोणी उभे राहावे आणि कोणी मत द्यावे यावर मूळ रहिवासाच्या अटी होत्या, आणि त्यावरून एका मोठ्या जमातीत त्याच वर्षी नाराजी उसळली होती.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या कायद्यातली एक गोष्ट महत्त्वाची. प्रचाराच्या खर्चाला वीस लाख रियालांची मर्यादा घातली होती, म्हणजे सुमारे साडेपाच लाख अमेरिकी डॉलर. परदेशी पैसा घेण्यास आणि मते विकत घेण्यास बंदी होती. कायदा करणाऱ्यांनी उमेदवाराचा खर्च मोजण्याची व्यवस्था केली, हे उघड आहे. त्या उमेदवारांपैकी कोणी काही कमावले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. सांगायचे ते एवढेच की नव्याने निवडणूक सुरू करणाऱ्या देशालाही पहिली काळजी खर्चाचीच वाटली.

पुढे हा प्रयोगच संपला. निवडणुकीतली चढाओढ कुटुंबाकुटुंबांत आणि जमातीजमातींत होते, असे अमीरांनी ऑक्टोबर २०२४ मधील भाषणात सांगितले. त्यानंतर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सार्वमत झाले, ९०.६ टक्के मतांनी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि शूरा परिषदेचे सगळे सभासद पुन्हा नेमणुकीचे झाले.

निवडणूक बंद केली म्हणजे उमेदवारीच्या नफ्याचा प्रश्नही मिटला, असे मात्र नाही. कारण दोह्याच्या माणसाने लढवलेली सर्वांत मोठी निवडणूक कतारमध्ये झालीच नव्हती. ती होती जागतिक फुटबॉलची.

दोह्याचा उमेदवार, त्रिनिदादचे पाकीट

फुटबॉल म्हटले की आपल्या बेटावर शनिवार-रविवारी घरोघर दूरदर्शनसंच सुरू होतात. पण या खेळाची जागतिक संस्था ‘फिफा’ कशी चालते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. तिथला कायदा असा की एका संघटनेला एक मत. ब्राझीललाही एक आणि मॉरिशसलाही एक. ज्याला फिफाचा अध्यक्ष व्हायचे त्याला बेटाबेटांवर हिंडावेच लागते. आपल्यासारख्या लहान बेटांना जगात एरवी कोण विचारतो? या निवडणुकीत मात्र विचारतात.

मोहम्मद बिन हम्माम हे कतारचे गृहस्थ २००२ पासून आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. २ डिसेंबर २०१० रोजी २०२२ ची विश्वचषक स्पर्धा कतारला मिळाली. शेवटच्या फेरीत अमेरिकेचा १४ विरुद्ध ८ मतांनी पराभव झाला. त्यानंतर मार्च २०११ मध्ये बिन हम्माम यांनी फिफाच्या अध्यक्षपदासाठी, त्या वेळचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांच्याविरुद्ध, उभे राहत असल्याचे जाहीर केले.

मे महिन्यात ते त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन येथे गेले. कॅरिबियन बेटांच्या फुटबॉल संघटनांचे प्रतिनिधी तिथल्या एका मोठ्या हॉटेलात जमले होते. या प्रतिनिधींना प्रत्येकी ४०,००० डॉलर रोख, पाकिटात घालून दिले गेले, असा आरोप लवकरच बाहेर आला. तो बाहेर कसा आला, हे आपण बेटवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. बहामाचे प्रतिनिधी फ्रेड लन यांनी पाकीट उघडले, आतल्या नोटांचे छायाचित्र घेतले, घरी आपल्या संघटनेच्या अध्यक्षांना कळवले आणि पैसे परत केले. बहामा हीही लहान बेटेच. पण तिथल्या माणसाने आपले मत बाजारात मांडले नाही, आणि त्याच्या त्या एका छायाचित्राने फिफाचा पाया हलवला.

२९ मे २०११ रोजी बिन हम्माम यांनी माघार घेतली आणि त्याच दिवशी त्यांना तात्पुरते निलंबित करण्यात आले. जुलैत त्यांच्यावर आजन्म बंदी आली. मात्र १९ जुलै २०१२ रोजी क्रीडा लवादाने ती रद्द केली. पैशाचा उगम बिन हम्माम हेच असण्याचा संभव अधिक आहे, असे लवादाने म्हटले. पण मते विकत घेतल्याचा पुरावा पुरेसा नाही, असाही निर्वाळा बहुमताने दिला. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये आशियाई महासंघाच्या कारभारावरून त्यांच्यावर पुन्हा आजन्म बंदी आली. आरोप आणि शाबिती यांत अंतर असते. ते आम्ही राखतो, वाचकांनीही राखावे.

ज्याच्या हाती किल्ल्या

इथपर्यंतची कथा वर्तमानपत्रांत पुष्कळ गाजली. सगळ्यांचे डोळे पाकिटावर खिळले होते. पण त्याच निवडणुकीत दुसऱ्या बाजूला काय चालले होते, ते पाच वर्षांनी उघडकीस आले. आणि आमच्या मते खरा धडा तिथेच आहे.

१ जून २०११ रोजी ब्लाटर एकटेच उमेदवार उरले आणि २०३ पैकी १८६ मते घेऊन निवडून आले. जून २०१६ मध्ये, ब्लाटर गेल्यानंतर, फिफाच्या वकिलांनी जुनी कागदपत्रे जाहीर केली. ब्लाटर, सरचिटणीस जेरोम व्हाल्के आणि अर्थखात्याचे प्रमुख मार्कुस काट्नर या तिघांनी पाच वर्षांत पगारवाढी आणि बक्षिसे मिळून एकंदर ७ कोटी ९० लाखांहून अधिक स्विस फ्रँक घेतल्याचे त्यांत होते. २०१० ची विश्वचषक स्पर्धा होऊन गेल्यावर त्या स्पर्धेबद्दल या तिघांना मिळून २ कोटी ३० लाख फ्रँक देण्यात आले होते.

आणि निवडणुकीच्या ऐन तोंडावरची गोष्ट ऐका. ३० एप्रिल २०११ रोजी, म्हणजे मतदानाला महिनाभर उरला असताना, व्हाल्के आणि काट्नर यांचे करार साडेआठ वर्षांसाठी वाढवण्यात आले. ब्लाटर पुन्हा निवडून आले नाहीत आणि या दोघांना जावे लागले, तर व्हाल्के यांना १ कोटी ७५ लाख आणि काट्नर यांना ९८ लाख फ्रँकपर्यंत रक्कम मिळावी, अशी तरतूद त्यांत होती. मालक हरला तरी कारभाऱ्यांची भाकरी पक्की! ही रक्कम कोणाच्या खिशातून जायची? जगभरच्या फुटबॉलच्या पैशातून. आपल्या बेटावरच्या पोरांच्या चेंडूच्या पैशातूनही.

मोबदला योग्य आणि इतर मोठ्या क्रीडासंघटनांच्या प्रमुखांच्या बरोबरीचाच होता, असे ब्लाटर यांच्या वकिलांनी सांगितले. फिफाच्या नीतिसमितीला ते पटले नाही. मार्च २०२१ मध्ये तिने याच बक्षिसांच्या प्रकरणी ब्लाटर आणि व्हाल्के यांच्यावर आणखी सहा वर्षे आठ महिन्यांची बंदी आणि प्रत्येकी दहा लाख फ्रँक दंड लादला.

आता दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. आव्हान देणाऱ्याच्या बाजूचे पैसे पाकिटातून आल्याचा आरोप झाला, म्हणून ते दिसले. पदावर असलेल्याच्या बाजूचे पैसे करारातून, सही-शिक्क्यानिशी गेले, म्हणून पाच वर्षे दिसले नाहीत. ज्याच्या कमरेला तिजोरीच्या किल्ल्या, त्याला पाकीट वाटण्याची गरजच पडत नाही.

२०१६ मध्ये जान्नी इन्फान्तिनो उभे राहिले, तेव्हा त्यांनी प्रत्येक सभासद संघटनेला चार वर्षांत पन्नास लाख डॉलर देण्याचे आश्वासन दिले. ते उघड होते, नियमाबाहेर काही नव्हते, आणि लहान देशांची मैदाने त्यातून सुधारली तर आनंदच आहे. पण पैसा संस्थेचा आणि पुण्य उमेदवाराचे, ही रीत लक्षात घ्यावी. इन्फान्तिनो २०१९ मध्ये आणि २०२३ मध्ये बिनविरोध निवडून आले. अध्यक्षाचा मोबदला आता वार्षिक अहवालात छापून येतो. २०२२ सालचा तो बक्षिसासह ३६ लाख फ्रँक होता. रक्कम थोडी नाही, पण आता ती कोणालाही वाचता येते. २०११ मध्ये तेवढीही सोय नव्हती.

अमेरिकेतील वाटा

हे सारे खेळातले, राजकारणाचे काय, असे कोणी म्हणेल. तर ज्या देशात निवडणुकीचा हिशेब सर्वांत बारकाईने छापला जातो, त्या अमेरिकेत जाऊ. तिथे सापडणाऱ्या वाटा बहुतेक कायदेशीर आहेत, म्हणूनच त्या पाहण्यासारख्या आहेत.

पहिली वाट सावकारीची. उमेदवाराने स्वतःच्या प्रचाराला स्वतःच कर्ज द्यायचे, आणि मग देणगीदारांच्या पैशातून ते व्याजासह वसूल करायचे. कॅलिफोर्नियाच्या ग्रेस नापोलिटानो यांनी १९९८ मध्ये आपल्या प्रचाराला दीड लाख डॉलर १८ टक्के व्याजाने दिले. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यांना नुसत्या व्याजाचेच दोन लाखांहून अधिक डॉलर मिळाले. मुद्दलापेक्षा व्याज मोठे! आणि ते नियमात बसत होते. निवडणूक झाल्यानंतर गोळा केलेल्या देणग्यांतून असे कर्ज फेडण्यावर अडीच लाख डॉलरची मर्यादा होती. सिनेटर टेड क्रूझ यांनी २०१८ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी दोन लाख साठ हजारांचे कर्ज देऊन त्या मर्यादेला न्यायालयात आव्हान दिले, आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. निवडून आलेल्या माणसाचे कर्ज फेडण्यासाठी दिलेली देणगी शेवटी त्याच्याच खिशात जाते, हा मुद्दा विरोधी मत देणाऱ्या न्यायाधीशांनी मांडला होता.

दुसरी वाट स्वतःच्या दुकानाची. डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचारसमितीने सभा, मुक्काम आणि कचेऱ्यांसाठी त्यांच्याच हॉटेलांना, इमारतींना आणि विमान कंपनीला पैसे दिले. देणगीदाराने मतासाठी दिलेला डॉलर उमेदवाराच्या गल्ल्यात भाड्याच्या रूपाने आला.

तिसरी वाट नावाची. २०२४ मध्ये ट्रम्प पुन्हा उमेदवार असताना त्यांच्या नावाचे बूट ३९९ डॉलरला आणि त्यांनी पुरस्कार केलेले बायबल ५९.९९ डॉलरला विकले जात होते. त्या बायबलपोटी तीन लाख डॉलर मानधन मिळाल्याचे त्यांनीच आपल्या मिळकतीच्या जाहीर विवरणात दाखवले. निवडणूक ही जगातली सर्वांत मोठी जाहिरात. आणि तिचा खर्च देणगीदार करतात.

ही नावाची वाट पुढे थेट कतारपर्यंत पोचली. ३० एप्रिल २०२५ रोजी, ट्रम्प अध्यक्षपदावर असताना, त्यांच्या मुलांच्या हाती असलेल्या कंपनीचे नाव लावून दोह्याच्या उत्तरेला सिमैस्मा येथे गोल्फ मैदान आणि बंगले उभारण्याचा व्यवहार जाहीर झाला. बांधणारी कंपनी दार ग्लोबल, आणि तिच्या जोडीला कतार सरकारच्या मालकीची कतारी दियार. आपला करार दार ग्लोबलशी आहे, कतार सरकारशी नाही, असे ट्रम्प यांच्या कंपनीचे म्हणणे. ते खरे धरले तरी नावाला भाव कशाने चढला, हा प्रश्न उरतोच. ज्या देशाने स्वतःची निवडणूक बंद केली, तिथे परदेशातल्या निवडणुकीने मोठे झालेले नाव पाटीवर चढते आहे.

पूर्वजांच्या मुलखात

आता आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्राकडे वळू. तिथे एका गावाने या सगळ्या प्रश्नाला उघड बोलीच लावली. नाशिक जिल्ह्यातले उमराणे हे कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे आणि बोली दोन कोटी पाच लाख रुपयांवर गेल्याचे सगळीकडे प्रसिद्ध झाले. पैसे मंदिराच्या कामाला जायचे, असे सांगितले गेले. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी येथेही बेचाळीस लाखांची बोली झाल्याचे पुढे आले. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या, हे योग्यच झाले.

देवाच्या कामाला पैसा गेला तर वाईट काय, असे म्हणणारे भाबडे लोक असतात. त्यांच्यासाठी आम्ही शाळेतले साधे गणित मांडतो. सरपंचाची मुदत पाच वर्षे, म्हणजे साठ महिने. दोन कोटी पाच लाखांना साठाने भागले तर महिन्याला सुमारे तीन लाख चाळीस हजार रुपये येतात. सरपंचाचे मानधन महिन्याला काही हजार रुपये. मधला फरक कोण भरून देणार? कोणी हौसेने किंवा भक्तीने एवढे पैसे टाकीलही. पण पदाला एवढा भाव येतो, तेव्हा बोली लावणाऱ्याने काही हिशेब केला असेल, अशी शंका गावाने घ्यायला नको काय?

भारतात निदान एक दार उघडले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज आणि गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने उमेदवाराच्या, त्याच्या पत्नीच्या किंवा पतीच्या आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचा उगमही सांगणे आवश्यक ठरले. आमदार-खासदारांची संपत्ती दोन निवडणुकांच्या दरम्यान बेसुमार वाढणे ही लोकशाहीला धोक्याची खूण आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. मागचे प्रतिज्ञापत्र आणि पुढचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवले की पाच वर्षांचा फरक शाळकरी मुलालाही कळतो. हे कागद लोकांपुढे असतात. वाचायची तसदी घेतली पाहिजे, एवढेच.

आपण काय विचारावे

वाचकहो, या साऱ्या हिंडण्यातून आमच्या हाती एक गोष्ट लागली. उमेदवाराचा नफा पाकिटात क्वचितच असतो. तो असतो व्याजात, भाड्यात, करारात, नावाच्या परवान्यात आणि संस्थेच्या पैशातून दिलेल्या आश्वासनात. खर्चावर मर्यादा घालणारा कायदा हवाच. पण तो हिशेबाच्या वहीची एकच बाजू पाहतो. जमेची बाजू कोरी राहिली तर वही अपुरीच.

म्हणून कोणतीही निवडणूक असो, देशाची, गावपंचायतीची, क्रीडासंघाची किंवा आपल्या मंदिराच्या अथवा मंडळाच्या समितीची, चार प्रश्न विचारायला लाजू नये. उमेदवाराने प्रचाराला कर्ज दिले असेल तर ते कोण फेडणार, किती व्याजाने? प्रचाराचा पैसा कोणाच्या दुकानात खर्च झाला? निवडणुकीच्या तोंडावर कोणाचे करार झाले, कोणाच्या नेमणुका झाल्या? आणि जे देण्याचे वचन दिले जात आहे, ते मुळात कोणाचे?

हे प्रश्न विचारणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे नव्हे. सचोटीच्या उमेदवाराला त्यांचा राग येत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. आपले आजे-पणजे कोकणातून गिरमिटावर या बेटावर आले, तेव्हा मत त्यांच्या हातात नव्हते. करारावर अंगठा उठवण्याखेरीज दुसरा हक्क नव्हता. ज्या कागदावर आपण अंगठा उठवतो त्यात काय लिहिले आहे ते आधी विचारावे, हे त्यांनी सोसून शिकलेले शहाणपण. मत हाही एक अंगठाच आहे. फ्रेड लन यांच्या हातात लहान बेटांचे एकच मत होते, तरी ते विकले न गेल्याने जगाला जाग आली. आपलेही मत एकच आहे. त्याची किंमत दुसऱ्या कोणी ठरवण्याआधी आपण समोरच्याची वही मागावी, आणि तिची दोन्ही पाने वाचावीत.